हे सिनेमे दिग्दर्शकाचे की त्या नट्यांचे?

कृष्णाकाठ
मंडळी, रविवारी सांगलीत विश्रामबागला प्रोजेक्टर लावून आपण जे युरोपियन सिनेमे बघतोय त्यावर एकदा निवांत बोलायचं होतं म्हणून हा धागा काढलाय. दर वेळी सिनेमा संपला की चर्चा रंगते पण ती फिरते कुणाभोवती तर बर्गमन, अँतोनिओनी, गोदार, फेलिनी या दिग्दर्शकांभोवती. आणि पडद्यावर जी बाई दोन तास सगळं ओढून नेते तिच्याबद्दल काय तर "काय सुंदर दिसते राव". हे मला खरंच खटकतं. माझं सरळ म्हणणं आहे की यातल्या निम्म्या सिनेमांत नटी काढून घेतली तर हातात काही उरत नाही.

बर्गमनचा 'पर्सोना'च घ्या, १९६६ चा. लिव उलमन जवळजवळ बोलतच नाही आणि बीबी अँडरसन बोलायची थांबत नाही, सगळा सिनेमा या दोघींच्या चेहऱ्यांवर चाललाय. त्यात बीबीचा तो समुद्रकिनाऱ्याचा प्रसंग सांगायचा लांबलचक संवाद आहे ना, तो सिनेमातून काढून टाक असा सल्ला बर्गमनला मिळाला होता. बीबीच म्हणाली की शूट तरी करूया, आणि जी वाक्यं तिला पुरुषानं लिहिल्यासारखी वाटत होती ती तिनं स्वतः बदलली. आज 'पर्सोना' म्हटलं की लोकांना तोच सीन आठवतो. मग तो सीन कुणाचा?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि कुणाला कुठली नटी जवळची वाटते तेही लिहा. नुसती यादी नको, का ते सांगा.

हरिपूरची
दादा, धाग्याबद्दल आभार, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

माझी फाल्कोनेत्ती. दिग्दर्शक ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क', १९२८, मूकपट. मी बघायला बसले तेव्हा वाटलं होतं मूकपट म्हणजे जरा धावता, हातवारेवाला असणार, आणि इथे बाईचा नुसता चेहरा, मेकअप नाही, डोळ्यांत पाणी साठतंय ते दिसतं, ओठ कोरडे पडलेत ते दिसतं. रंगभूमीवरची बाई होती ती, आणि या सिनेमानंतर तिनं पुन्हा सिनेमा केलाच नाही. मूळ निगेटिव्ह आगीत गेली, पुढं कितीतरी वर्षं लोक अर्धवट आणि जोडून तयार केलेल्या प्रती बघत राहिले, आणि १९८१ साली ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात कपाटात मूळ रूपातली प्रिंट सापडली. म्हणजे विचार करा, ती सापडली नसती तर आपल्याला हा अभिनय पुरता दिसलाच नसता.

आणि आना करिना गोदारच्या 'व्हिव्र सा व्ही'मध्ये (१९६२) थेटरात बसून हाच सिनेमा बघते, पडद्यावर फाल्कोनेत्ती रडतेय आणि खुर्चीत करिना. मध्ये चौतीस वर्षं गेलीत. तिथं गोदार काहीही करत नाहीये, त्यानं फक्त दोन बायकांना समोरासमोर बसवलंय.

द्राक्षबाग
सगळ्यांचा मान राखून विरोधी मत मांडतो. ताई, "फक्त समोरासमोर बसवलंय" म्हणता पण तेच तर दिग्दर्शन आहे की! फाल्कोनेत्तीचंच उदाहरण घ्या. मेकअप नको हे ड्रायरनं ठरवलं, कॅमेरा चेहऱ्याला एवढा चिकटवायचा हे त्यानं ठरवलं, केस कापायचा सीन खरे केस कापून घेतला. अशा माणसाच्या हाताखाली दुसरी कुणी असती तरी परिणाम झालाच असता. फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँ तर पुढं पुढं नट घेतच नव्हता, ज्यांनी कधी काम केलेलं नाही अशी पोरं घ्यायचा आणि भाव दाखवू नका म्हणून सांगायचा. 'मुशेत' (१९६७) बघून माझं काळीज हललं, त्या पोरीनं अभिनय केला म्हणून नाही तर ब्रेसाँनं तिला कुठं उभी केली म्हणून.

युरोपचा हा सगळा सिनेमा दिग्दर्शकाचा म्हणूनच ओळखला जातो आणि त्याला कारण आहे.

हरिपूरची
द्राक्षबाग दादा, दुसरी कुणी असती तरी चाललं असतं असं म्हणता, मग उलट बाजूनं बघा. दिग्दर्शक बाजूला झाल्यावर या बायकांचं काय झालं? मोनिका विती. अँतोनिओनीबरोबर तिनं 'लाव्हेंतुरा' (१९६०), 'ला नोत्ते', 'लेक्लिसे', 'रेड डेझर्ट' (१९६४) केले, सगळे उदास, रिकाम्या रस्त्यांचे. त्यानंतर तीच बाई विनोदी सिनेमांकडे वळली, १९६८ चा मोनिचेल्लीचा 'ला रागात्सा कोन ला पिस्तोला' बघा, आणि इटलीतल्या साध्या प्रेक्षकाची लाडकी झाली. ती जर दिग्दर्शकाच्या हातातली मातीच असती तर हे कसं जमलं? आना करिनानं १९७३ मध्ये स्वतः 'व्हिव्र आन्साम्ब्ल' दिग्दर्शित केला. जान मोरोनं 'ल्युमिएर' केला १९७६ ला. लिव उलमननं २००० साली 'फेथलेस' केला तोही बर्गमनच्याच पटकथेवर. या बायकांना सिनेमा कळत होता हो.

मिरज_जंक्शन
आला आमचा विषय 🙏 पण तुम्ही सगळे आर्ट फिल्मवाले आहात, कल्ट सिनेमाचं, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या सिनेमाचं, कुणी नावच घेत नाही म्हणून लिहितो.

इझाबेल अजानी, 'पझेशन', १९८१, दिग्दर्शक झुलाव्स्की. भिंतीला लागून असलेलं पश्चिम बर्लिन, नवरा-बायकोचा काडीमोड, आणि मग जे काय सुरू होतं ते शब्दांत सांगता येत नाही. भुयारी रेल्वेच्या त्या बोळातला सीन, हातात बाजाराची पिशवी, आणि बाई एकटी, समोर कुणी नाही, संवाद नाही, अंग पिळवटत भिंतीवर आपटतेय आणि तुम्ही नजर हलवू शकत नाही. इंग्लंडमध्ये व्हिडिओवर बंदी आली, अमेरिकेत कापून कापून भलतंच काहीतरी दाखवलं, पण फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्या वर्षी अजानीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं ('क्वार्टेट'साठी आणि याच्यासाठी मिळून). म्हणजे हॉरर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबा. भीतीच्या सिनेमात नटीला जेवढं अंगानं काम करावं लागतं तेवढं तुमच्या आर्ट फिल्ममध्ये लागत नाही, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी बार्बरा स्टील. मारिओ बावाचा 'ब्लॅक संडे' (१९६०), काळापांढरा, चेटकीण पण तीच आणि राजकन्या पण तीच. एकाच चेहऱ्यावर एकदा भीती वाटते एकदा दया येते, मेकअपनं होत नाही हे. फेलिनीनं तिला नंतर 'एट अँड अ हाफ'मध्ये घेतली ती उगाच नाही.

आणि 'सस्पिरिया' (१९७७) सगळे दारिओ आर्जेंतोचा म्हणतात, लाल निळ्या रंगांचं कौतुक करतात, गॉब्लिन बँडच्या म्युझिकचं करतात, रास्त आहे, पण पटकथा दारिया निकोलोदीनं बरोबरीनं लिहिलीय आणि ती स्वतः नटी होती हे कितीजणांना माहितीय? कृष्णाकाठ दादांचा मुद्दा इथं सगळ्यात जास्त लागू पडतो.

पेठभाग
'पझेशन' भारी आहे पण घरात लहान पोरं, म्हातारी माणसं असताना लावू नका कुणी. मनापासून सांगतोय.

रीळवेडा
तरुण मंडळी चांगलं लिहिताय, वाचून बरं वाटलं. मी जुना फिल्म सोसायटीवाला. आमच्या वेळी पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमधून (१९६४ ची संस्था, पी. के. नायर साहेबांनी जीव ओतून उभी केलेली) डबे यायचे आणि एक पडदा, एक मशीन, मध्येच रीळ बदलायला थांबायचं, तोवर बाहेर चहा आणि भांडणं. तेव्हाही भांडण हेच असायचं.

मला एक गोष्ट मांडायची आहे जी कुणी बोललं नाही. आवाज. इटलीत त्या काळी सिनेमा शूट व्हायचा आणि आवाज नंतर भरला जायचा, आणि पुष्कळदा पडद्यावरच्या बाईचा आवाज तिचा नसायचाच. मिरज जंक्शन, तुझी बार्बरा स्टील 'ब्लॅक संडे'त बोलते तो आवाज दुसऱ्या कुणाचा आहे बाळा. क्लाउडिया कार्दिनाले जन्मली ट्युनिसला, घरात फ्रेंच, त्यामुळं सुरुवातीच्या सिनेमांत तिला दुसऱ्यांचे आवाज चिकटवले. तिचा स्वतःचा जरासा घोगरा आवाज लोकांनी इटालियन पडद्यावर पहिल्यांदा ऐकला तो 'एट अँड अ हाफ'मध्ये, १९६३. तोवर ती मोठी स्टार झालेली होती! म्हणजे अर्धी बाई बघूनच लोक खूश होते असं झालं की.

आणि उलट मोनिका विती. तिचाही आवाज घोगरा, आणि अँतोनिओनीच्या 'इल ग्रिदो'मध्ये (१९५७) पडद्यावर नटी दुसरी आहे पण आवाज वितीचा आहे. अँतोनिओनीच्या सिनेमात ती आधी आवाजानं आली आणि मग चेहऱ्यानं. तीन वर्षांनी 'लाव्हेंतुरा' कानला दाखवला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, विती रडत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी आणि सिनेमावाल्यांनी सह्या करून पाठिंब्याचं पत्रक काढलं आणि शेवटी ज्यूरीचं बक्षीस मिळालं. शिव्या खायला ती समोर आणि कौतुक झालं की दिग्दर्शक समोर. मी तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, सिनेमा बघताना आवाज कुणाचा ते आधी शोधतो.

आपण सांगलीकर, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीताही पुरुषच. पुढं कित्येक दशकं बाईची भूमिका पुरुषाच्या गळ्यातून ऐकली आपल्या लोकांनी. म्हणून हा आवाजाचा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

मिरज_जंक्शन
काका, हे माहिती नव्हतं. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का झाला बघा, आवाज तिचा नसताना नुसत्या डोळ्यांवर तिनं तो सिनेमा तोलून धरलाय.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून लिहितेय, तुमच्या रविवारच्या शोला येता येत नाही पण धागा वाचतेय. मला 'जान दिल्मान' या सिनेमाबद्दल लिहायचंय कारण त्याच्याशिवाय ही चर्चा अर्धी राहील.

शांताल आकेरमाननं १९७५ ला दिग्दर्शित केला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, कॅमेरा पण बाईचाच, बाबेत मांगोल्तचा. तीन तास एकवीस मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा, तीन दिवस. बटाटे सोलते, मांसाचे तुकडे पिठात घोळवते, दिवे लावते बंद करते, अंथरूण घालते, दुपारी पैशासाठी घरी पुरुष येतात, परत बटाटे. बास. आणि ही बाई आहे देल्फीन सेरिग, जिला लोकांनी 'लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद'मध्ये पिसांच्या झग्यात बघितलेलं, 'डॉटर्स ऑफ डार्कनेस'मध्ये (१९७१) रक्तपिपासू सरदारीण म्हणून बघितलेलं (मिरज जंक्शन, हा तुमच्या कल्टवाल्यांचा आहे, बघितला नसेल तर बघा). ती इथं नुसती ओट्याशी उभी आहे. दुसऱ्या दिवशी बटाटे जरा जास्त शिजतात, एक बटण लावायचं राहतं, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. मी माझ्या आईला अशी दुपारभर ओट्याशी बघितलीय, तिच्या हाताचा वेग बदलला की आम्हाला कळायचं आज काहीतरी बिनसलंय. सेरिगनं तेच केलंय, फक्त हातांनी.

२०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकानं जगभरच्या समीक्षकांची मतं घेतली त्यात हा पहिला आला, आणि त्या यादीत पहिल्या नंबरावर बाईनं दिग्दर्शित केलेला सिनेमा त्याआधी कधीच नव्हता. इथं दिग्दर्शक की नटी हे भांडणच उरत नाही, दोघी मिळून एकाच गोष्टीकडे बघतायत.

द्राक्षबाग
अजिंक्यतारा ताई, मी हा प्रामाणिकपणे बघायला घेतला होता आणि तासाभरात बंद केला. बटाटे सोललेले बघायला तीन तास का द्यावेत हे मला अजून पटलेलं नाही, बागेत छाटणीचे दिवस होते तेव्हा तर नाहीच. पण तुम्ही हातांचं जे लिहिलंय ते वाचून परत लावतो, या वेळी हाताकडे बघत. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही, हा आकेरमाननं कॅमेरा न हलवण्याचा निर्णय घेतला म्हणून उभा राहिलेला सिनेमा आहे.

अजिंक्यतारा
दादा, एका दमात बघा, तुकडे करून नका बघू. पहिला दिवस मनात बसला नाही तर दुसऱ्या दिवशी काय चुकलं ते कळत नाही.

हरिपूरची
सेरिगचा विषय निघालाच आहे तर हे लिहिते, जरा मोठं होईल.

सेरिगनं सत्तरच्या दशकात व्हिडिओ कॅमेरा घेऊन वीसेक नट्यांच्या मुलाखती घेतल्या, फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या, जेन फोंडा आहे, मारिया श्नायडर आहे. प्रश्न साधे, तुम्ही पुरुष असता तर नट झाला असता का, सिनेमात दुसऱ्या बाईबरोबर मैत्रीचा सीन कधी मिळाला का. उत्तरं ऐकून गप्प व्हायला होतं. 'स्वा बेल ए ते-त्वा' नाव, १९८१ ला बाहेर आला. मारिया श्नायडर कोण ते सांगायला नको, 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२), तेव्हा ती एकोणीस वर्षांची. त्यातल्या बदनाम सीनमध्ये नेमकं काय करणार आहेत ते तिला आधी नीट सांगितलं नव्हतं, हे तिनंही नंतर सांगितलं आणि दिग्दर्शक बेर्तोलुच्चीनंही कबूल केलं, का तर त्याला नटीची नाही, मुलीची प्रतिक्रिया हवी होती. त्या सिनेमाला कल्ट म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या घरी तो लागत नाही आणि आपल्या रविवारीही लावू नये ही विनंती. द्राक्षबाग दादा, दिग्दर्शकच सगळं असं मानलं की त्याची दुसरी बाजू ही असते.

आता आपल्याकडं या. शांता आपटे. प्रभातचा 'कुंकू', १९३७. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, नवऱ्याला नवरा मानायलाच तयार नाही, छडी घेऊन उभी राहते, इंग्रजी कविता गाते. आणि पडद्याबाहेर १९३९ ला हीच बाई कराराच्या भांडणावरून प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसली! पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमांत?' नावाचं पुस्तक लिहिलं, या धंद्यात बाईला काय सोसावं लागतं ते स्पष्ट मांडलं. सेरिगच्या कॅमेऱ्याच्या तीसपस्तीस वर्षं आधी. युरोपच्या नट्यांबद्दल बोलताना आपण ज्या गोष्टी शोधतोय त्या पुण्याच्या एका बाईनं मराठीत लिहून ठेवल्यात आणि आपल्यातल्या किती जणांनी ते पुस्तक बघितलंय?

रीळवेडा
हरिपूरची, तू हरिपूरची आणि 'कुंकू'चं नाव काढलंस, मग देवलांना कशी विसरलीस पोरी. 'शारदा' १८९९ चं, जरठकुमारी विवाहावरचं, लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तुझ्याच गावचे. शारदा म्हाताऱ्याशी लग्न ठरल्यावर रडते, विनवते. 'कुंकू'तली नीरा लग्न झाल्यावरही ठाम नकार देते. मधल्या चाळीस वर्षांत बाईची भूमिका बाईच करायला लागली होती, तो फरक त्या नकारात ऐकू येतो असं मला नेहमी वाटतं. 'कुंकू'त पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, घरातले रस्त्यावरचे आवाज आहेत फक्त, आणि त्यात शांताबाईंचा गळा. बर्गमनवाल्यांनी हा सिनेमा 'समर विथ मोनिका'च्या (१९५३) शेजारी लावून बघावा. हॅरिएट अँडरसन त्यात थेट कॅमेऱ्याकडे बघते, बराच वेळ, आणि प्रेक्षकालाच विचारते असं वाटतं, की तू कोण मला बोल लावणारा.

लालपरी
पूर्व युरोप राहिलाच की सगळ्यांचा. क्रिस्टिना यांडा, पोलंड, 'प्शेस्वुखानिए', म्हणजे कोठडीत एका गाणाऱ्या बाईची चौकशी चालते तो. १९८२ ला तयार झाला आणि सरकारनं दाबून ठेवला, लोक चोरून व्हिडिओ कॅसेटवर बघायचे, १९८९ ला मोकळा झाला आणि १९९० ला कानला यांडाला बक्षीस. आठ वर्षांपूर्वी केलेल्या कामाचं! सुरुवातीला ती मोकळी ढाकळी हसरी बाई असते आणि शेवटी जे उरतं ते तुम्ही स्वतः बघा, मी सांगत नाही. भाषणं नाहीत त्यात, बाई फक्त कबुलीजबाबावर सही करत नाही.

आणि 'डेझीज', दिग्दर्शिका वेरा खितिलोवा, १९६६, चेकोस्लोव्हाकिया. दोन पोरी, दोघींनी आधी कधी काम केलेलं नाही, आणि त्या पडद्यावर जो धुमाकूळ घालतात त्याला तोड नाही. शेवटी मेजवानीचं टेबल तुडवतात म्हणून वरच्या लोकांनी अन्नाची नासाडी केली असा ठपका ठेवला.

पेठभाग
तो सीन मलाही बघवला नाही, खोटं कशाला बोलू. अन्न पायाखाली घेतलेलं आपल्याला सहन होत नाही, घरचं वळण आहे ते. सिनेमा आवडला तरी.

लालपरी
पेठभाग, तुमचं बरोबर आहे, पण सिनेमा संपताना खितिलोवानं तो कुणाला अर्पण केलाय ते वाचलं का? ज्यांना फक्त तुडवलेल्या पालेभाजीचा राग येतो त्यांना. त्याच सिनेमात पुढंमागं युद्धातल्या बॉम्बफेकीची दृश्यं आहेत. ते ती मुद्दाम करतेय.

कृष्णाकाठ
सगळ्यांचं वाचलं. द्राक्षबाग आणि मी यावर काही एकमत होणार नाही असं दिसतंय, आणि चालेल. पण यापुढं शोच्या आधी आपण जी दोन मिनिटांची माहिती सांगतो त्यात नटीचं नाव दिग्दर्शकाच्या आधी घ्यायचं, आणि आवाज तिचा की दुसरीचा तेही सांगायचं, काकांचा हा मुद्दा मला फारच पटला.

पुढच्या रविवारी 'नाइट्स ऑफ काबिरिया', १९५७, जुलिएत्ता मासिना. या कामासाठी तिला कानचं बक्षीस मिळालं, सिनेमाला ऑस्कर. लोक फेलिनीची बायको म्हणून तिचं नाव घेतात, मी ते घेणार नाही. मराठी सबटायटल्स हरिपूरचीनं करायला घेतलीत, निम्म्याच्या वर झालीत. त्यानंतरच्या रविवारी 'कुंकू'.

द्राक्षबाग
'काबिरिया'ला येतो. नवीन पीक हातात आहे, बेदाणे घेऊन येतो सगळ्यांना. आणि वाद तिथंच घालू, मासिनाच्या शेवटच्या सीनमधला तो रस्ता फेलिनीशिवाय कुणाला सुचला असता ते सांगा मला.

हरिपूरची
रस्ता त्याला सुचला दादा. त्यावरून चालत येताना ती काय करते ते आपण रविवारी दोनदा लावून बघू.

मिरज_जंक्शन
आणि तिसऱ्या रविवारी 'ब्लॅक संडे', मी आत्ताच नंबर लावून ठेवतो. पेठभाग, त्यात पोरंबाळं आणायला हरकत नाही, जरा मोठी असतील तर.